बाबांचे बेणे

संत्र्यांच्या मुलखात राहणाऱ्या माणसाने आलूवर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. पांढुर्णा आणि सौंसर ही नावे ज्यांना ठाऊक असतात, त्यांना ती संत्र्यांमुळे ठाऊक असतात, किंवा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणाऱ्या गोटमारीमुळे. आलूचे कौतुक येथे कोणी करीत नाही. तो सर्वांच्या घरात असतो, आणि जे सर्वांच्या घरात असते त्याकडे निरखून पाहण्याची आपल्याला सवय नसते. तरीही मला आलूविषयीच लिहायचे आहे. माझ्या हातून झालेली एक चूक या आलूनेच माझ्या पदरात घातली आणि ती सुधारण्याची वाटही त्यानेच दाखविली.

प्रथम शब्दाविषयी थोडे. पुण्यामुंबईकडे ज्याला बटाटा म्हणतात, त्याला आम्ही नागपूरकडचे लोक आलू म्हणतो. त्यांचा बटाटेवडा तो आमचा आलूबोंडा. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला आणि ‘आलू’ आमच्याकडे रुळला तो हिंदीच्या शेजारामुळे. वस्तू मात्र या दोघांचीही नव्हे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उतारांवर तिथल्या लोकांनी ती हजारो वर्षे जोपासली. इतक्या दुरून आलेला हा पाहुणा आपल्या एकादशीच्या ताटात जाऊन बसला आणि त्याचे कुळ कोणी विचारले नाही! या लेखात मी दोन्ही शब्द वापरणार आहे. घरातली गोष्ट सांगताना ‘आलू’ आणि शास्त्रातली सांगताना ‘बटाटा’, एवढी सवलत वाचकांनी द्यावी.

आमचे जुने घर सौंसरला. घरामागे सांदवाडी होती. तिच्यात एक विहीर, एक लिंबाचे झाड आणि नाल्याच्या अंगाला पोयट्याच्या मातीचा एक तुकडा. बाबा प्राथमिक शिक्षक होते. शाळा सुटल्यावरचा त्यांचा सारा वेळ या तुकड्यात जाई. १९८४ सालच्या ऑक्टोबरात ते छोट्या रेल्वेने नागपूरहून परतले ते एक चुंगडी खांद्यावर घेऊनच. मी तेव्हा १४ वर्षांचा होतो. चुंगडीच्या तोंडाला एक कागदी चिठ्ठी बांधलेली होती आणि तिच्यावर रोमन लिपीत वाणाचे नाव छापलेले होते. त्या नावाचे वर्णलेखन असे काही विचित्र होते की, दुकानदाराने ते ‘लौवकार’ असे वाचून दाखविले होते. बाबांनी चिठ्ठी माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, “वाच बरं, काय आहे?” मीही अडखळलो. तेव्हा ते हसून म्हणाले, “अरे, हा आपला ‘लवकर’ आहे! कुफरी लवकर. सिमल्याचा आलू आणि नाव मराठी!” त्या दिवशी त्यांना झालेला आनंद मला आजही आठवतो. जणू परक्या गावी आपल्या गावचे कोणी भेटले होते.

पुढे मी या वाणाची माहिती जमविली, ती येथे सांगणे योग्य होईल. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ साली पाटण्यास स्थापन झाली आणि १९५६ साली तिचे मुख्य ठाणे सिमल्यास हलविण्यात आले. (१९५६ हे साल आमच्या भागास दुसऱ्या कारणाने लक्षात राहिलेले आहे. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर सौंसर व पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले.) सिमल्याजवळ सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर कुफरी हे ठिकाण आहे. बटाट्याला फुले येण्यास मोठे दिवस व थंड हवा लागते. आपल्याकडे तो हिवाळ्यात, लहान दिवसांत लावला जात असल्यामुळे क्वचितच फुलतो. कुफरीला मात्र उन्हाळ्यात तो चांगला बहरतो. म्हणून संकराचे काम तेथे चालते आणि संस्थेच्या वाणांना कुफरीचे नाव लागते. चंद्रमुखी, ज्योती, सिंदुरी, बादशाह ही सारी त्याच घराण्यातील भावंडे. ‘कुफरी लवकर’ हा वाण १९७२ साली प्रसारित झाला. गोल, पांढरट सालीचा, उथळ डोळ्यांचा हा आलू ७५ ते ८० दिवसांत तयार होतो आणि दख्खनच्या पठारावरील उष्णता इतरांहून अधिक सोसतो. या पठारी प्रदेशातील बटाट्यासाठी पुणे जिल्ह्यात राजगुरुनगर येथे संस्थेचे एक केंद्रही होते. जो वाण पठारासाठी आणि लवकर येणारा, त्याला पठारावरच्या लोकांच्या भाषेतलाच शब्द मिळाला, हे मला मोठे उचित वाटते.

बाबांची लागवड पाहण्यासारखी असे. दिवाळीच्या आधी सांदवाडीतील माती खणून ती भुसभुशीत होईपर्यंत फोडली जाई. तिच्यात कुजलेले शेणखत मिसळले जाई. कच्चे शेण कधीही नाही, कारण त्याने हुमणी लागते, असे ते सांगत. लागवडीची तिथी ते पंचांगात पाहत नसत. “पहाटे पांघरूण अंगावर ओढावंसं वाटलं की आलू लावावा,” हा त्यांचा नियम. बटाट्याचा कंद धरण्यास रात्रीचे तापमान २० अंशांच्या खाली यावे लागते, हे मी पुष्कळ वर्षांनी पुस्तकात वाचले आणि बाबांच्या पांघरुणाची मला आठवण झाली. दोन फुटांवर एक अशा चार सऱ्या आणि सरीत वीत-वीत अंतरावर एकेक बेणे. बेणे म्हणजे कोंब फुटलेला, सुपारीपेक्षा मोठा आणि लिंबापेक्षा थोडा थोराड असा अखंड कंद. फार मोठा असला तर प्रत्येक फोडीवर दोन-तीन डोळे राहतील असा तो कापायचा, फोडी सावलीत दोन दिवस सुकू द्यायच्या आणि मगच लावायच्या. एकूण ७०-७२ झाडे होत.

रोपे वीतभर झाली की बाबा दोन्ही बाजूंनी माती ओढून भर देत. हे काम ते दुसऱ्या कोणाला करू देत नसत. आलू हे मूळ नव्हे, ते जमिनीत वाढलेले खोडच, आणि त्याचे डोळे म्हणजे खोडावरच्या कळ्या. त्याला उजेड लागला तर ते आपला मूळ स्वभाव आठवून हिरवे होते आणि त्यात विष उतरते. म्हणून त्याला अंधारात ठेवावे लागते, हे बाबांनी मला भर देता देता समजावून सांगितले. पाणी थोडे आणि वारंवार. काढणीच्या आठ-दहा दिवस आधी पाणी बंद. मग विळ्याने पाला कापायचा आणि कंद जमिनीतच राहू द्यायचे, म्हणजे साल घट्ट होते. संक्रांतीनंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी काढणी होई. त्या दिवशी आई नव्या आलूची रस्सेदार भाजी करी, वरून भरपूर सांबार. (सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, हे दक्षिणेतील वाचकांसाठी सांगून ठेवतो.) चांगल्या वर्षी ३०-३५ किलो आलू निघत.

यांतील मध्यम आकाराचे, निर्दोष कंद बाबा पुढील वर्षासाठी वेगळे काढीत. पहिल्या वर्षी त्यांनी ते घरातच, आतल्या अंधाऱ्या खोलीत वाळूवर पसरून ठेवले होते. वर घाणेरीचा, म्हणजे आमच्याकडच्या रायमुनियाचा, वाळलेला पाला होता. या पाल्याच्या वासाने कंद पोखरणारी पाकोळी दूर राहते. पाकोळी दूर राहिली, पण सौंसरचा मे महिना दूर राहिला नाही. पोळा येईपर्यंत निम्मे कंद कुजले आणि उरलेले आजीच्या हातांसारखे सुरकुतले. तेव्हापासून एका शेतकरी स्नेह्यांची पोती शीतगृहात जात, त्यांच्यात आमची एक छोटी चुंगडी जाऊ लागली. ऑक्टोबरात ती परत आली की आम्ही म्हणायचो, “आलू सासरहून आला.”

मी मात्र या काळात घरी फारसा नव्हतो. नागपूरला शिकलो, मराठीत एम. ए. झालो आणि नोकरीला लागलो. अमरवाडा, जुन्नारदेव अशा हिंदी भागांतल्या शाळांत माझी वर्षे गेली. दिवाळीच्या सुटीत घरी येई तेव्हा सऱ्या पाडलेल्या असत आणि बेणे लावलेले असे. माझी अशी ठाम समजूत होती की, हे १९८४ साली आणलेल्या त्या चुंगडीचेच वंशज आहेत. बाबा वर्षामागून वर्ष तेच बेणे जपत आले आहेत.

२०१० सालच्या उन्हाळ्यात बाबा गेले. पुढे माझी बदली पांढुर्ण्यास झाली. मी आईला घेऊन तेथे बिऱ्हाड केले आणि शीतगृहातून परत आलेली ती चुंगडीही सोबत नेली. माणूस गेल्यावर त्याची एखादी वस्तू आपण उराशी धरतो. कोणी घड्याळ ठेवतो, कोणी चष्मा. माझ्यापाशी बाबांचे जिवंत बेणे होते, आणि याचा मला मोठा अभिमान वाटे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी ते वाफे दाखवी आणि सांगे, “हे आमच्या बाबांचं १९८४ पासूनचं बेणं.” ऐकणारे माना डोलवीत. माझ्या बोलण्यात थोडा अहंकार शिरला होता, हे आज कबूल केले पाहिजे.

पहिल्या हिवाळ्यात पीक बरे आले. दुसऱ्या वर्षी कंद लहान निघाले. मी मातीला दोष दिला. पांढुर्ण्याच्या घराची माती काळी, चिकण. वाळली की भेगाळते आणि ओली झाली की पाय ओढून धरते. मी तिच्यात नदीची वाळू आणि दुप्पट शेणखत मिसळले. तिसऱ्या वर्षी रोपेच खुजी राहिली. खालची पाने वरच्या अंगाने गुंडाळून पन्हळीसारखी झाली. हात लावला की वाळक्या कागदासारखी वाजत. काही पानांवर फिकट पिवळे ठिपके होते. मी पाण्याला दोष दिला, हवेला दिला, बदललेल्या ऋतूंना दिला. बाबांच्या हाताचा गुण माझ्या हाताला नाही, असे म्हणून स्वतःलाही दिला. दोष दिला नाही तो फक्त बेण्याला. ते बाबांचे होते ना!

चौथ्या वर्षी, म्हणजे २०१३-१४ च्या हंगामात, चार सऱ्यांतून अवघे ९ किलो आलू निघाले. कित्येक तर बोराएवढेच.

एवढ्यावर भागले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण मधल्या काळात माझ्या अभिमानाने आणखी एक काम करून ठेवले होते. आमच्या वस्तीलगत एका वृद्ध शेतकऱ्यांचे शेत आहे. संत्र्याच्या बागेला लागून ते पाव एकरात बाजारासाठी आलू लावीत. २०१२ साली मी त्यांना मोठ्या कौतुकाने दोन सऱ्यांपुरते बेणे भेट दिले. गुरुजींनी दिलेली वस्तू म्हणून त्यांनी ते आपल्या शेतात, विकत आणलेल्या बेण्याच्या शेजारीच लावले. आणि त्याच पिकातून पुढच्या वर्षासाठी बेणे राखले. पुढच्या वर्षी त्यांचे पीक निम्म्यावर आले. मी शेतावर गेलो तेव्हा पाव एकरभर तीच गुंडाळलेली पाने उभी होती. मला काय बोलावे ते सुचेना. तेच म्हणाले, “असू द्या जी गुरुजी. जमिनीत टाकलेलं सारंच का हाती येते?” त्यांनी माझा संबंध लावला नव्हता, किंवा लावला असूनही बोलून दाखविला नव्हता. माझ्या मनात मात्र तो लागला होता, आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

माझा एक जुना विद्यार्थी कृषी विस्ताराच्या कामात आहे. त्याला मी बोलावून घेतले. त्याने दोन पाने चुरगाळून पाहिली, एक पान उलटून त्याच्या पाठीवरचे हिरवट, बारीक किडे दाखविले आणि संकोचत म्हणाला, “सर, रोग तुमच्या बेण्यातच आहे.” मग त्याने जे समजावून सांगितले ते असे. बटाट्याला विषाणूंचे रोग होतात. मावा एका झाडाचा रस शोषतो आणि दुसऱ्यावर बसतो, तेव्हा तो हे विषाणू सोबत नेतो. झाडातून ते कंदात उतरतात. कंद वरून निरोगी, गुळगुळीत दिसतो, पण पुढच्या वर्षी त्यातून उगवणारे झाड रोग घेऊनच जन्मते. खऱ्या बियांतून, म्हणजे फुलाफळांतल्या बियांतून, यांतले बहुतेक विषाणू पुढे जात नाहीत. पण आपण कंद लावतो, आणि कंद म्हणजे अपत्य नव्हे, तेच जुने शरीर. जुने शरीर पुढे चालले की त्याची दुखणीही पुढे चालतात. आपल्या उष्ण भागात मावा पुष्कळ, म्हणून येथे राखलेले बेणे तीन-चार वर्षांत उतरणीला लागते. त्यासाठी निरोगी बेणे थंड प्रदेशातून आणावे लागते. पूर्वी ते डोंगराळ भागातच होई. पुढे सिमल्याच्या संस्थेने उत्तरेकडील मैदानांतही बेणे तयार करण्याची पद्धत बसविली. ऑक्टोबरात लावायचे, मावा वाढण्याआधी पाणी तोडायचे आणि १०० संयुक्त पानांमागे २० मावे दिसण्याची वेळ येण्यापूर्वीच पाला कापून टाकायचा, अशी ती पद्धत. या पद्धतीमुळे देशातील बटाट्याचे चित्र बदलले.

“पण आमच्या बाबांनी तर हेच बेणं पंचवीस वर्षं चालवलं,” मी म्हणालो. तो काही बोलला नाही. गुरूला खोटे पाडू नये, एवढे संस्कार त्याच्यावर आमच्याच शाळेने केले होते.

उत्तर दिले ते आईने. ती ओट्यावर बसून आमचे बोलणे ऐकत होती. म्हणाली, “पंचवीस वर्सं कुठले रे? ते तं दर तीन वर्सानं नवं बेणं आणत होते नागपूरहून.”

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. “मग मला कधी सांगितलं नाहीस?”

“तू विचारलं कुठं? तू तं येनाऱ्या-जानाऱ्याले सांगतच सुटला होता.”

सौंसरच्या घरी बाबांच्या जमाखर्चाच्या वह्या एका लोखंडी पेटीत होत्या. पुढच्या रविवारी जाऊन मी त्या काढल्या. बाबांचे अक्षर मोडी वळणाचे, ठसठशीत. १९८४: आलू बेणे, कुफरी लवकर, ४ किलो. १९८७: नवे बेणे, ४ किलो. १९९०: नवे बेणे. अशा नोंदी थेट २००८ पर्यंत होत्या. दर तिसऱ्या ऑक्टोबरात बाबा नागपूरला गेले होते आणि जुने उरलेले कंद आईने खुशाल भाजीत घातले होते. मी ज्याला १९८४ चे बेणे म्हणून मिरवीत होतो, ते २००८ चे होते. बाबा असते तर त्यांनी २०११ साली ते बदलले असते. मी त्यांच्या आठवणीपायी ते बदलले नाही, आणि स्वतःच्या वाफ्यांबरोबर शेजाऱ्याचे शेतही खराब केले.

त्याच नोंदींच्या खाली, प्रत्येक ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पानावर, आणखी एक ओळ होती. ‘दिवाळी अंक, ३.’ ‘दिवाळी अंक, ४. मुलांसाठी गोष्टींचे पुस्तक, १.’ बेणे तीन वर्षांनी आले असेल, पण ही ओळ दरवर्षी होती. एका शिक्षकाच्या पगारात हा खर्च लहान नव्हता. सीताबर्डीवरून आणलेले ते अंक आमच्या घरात वर्षभर पुरत. शेजारची चार घरे ते नेत आणि परत येताना त्यांच्या कडा दुमडलेल्या असत. त्या अंकांतूनच मी वाचायला शिकलो आणि पुढे मराठीचा एम. ए. झालो. वही हातात धरून मी मनाशी हिशेब केला. २०१० पासूनच्या चार वर्षांत मी घरात एकही दिवाळी अंक आणला नव्हता. ‘आपल्याला मराठी येतेच’ या भरवशावर मी राहिलो होतो. माझ्या शाळेतील पुष्कळ मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदी वाचतात. त्यांच्या हाती घरचीच मराठी असते, बाहेरून नवी भर पडत नाही. मी त्याविषयी सभांतून हळहळत असे. माझ्या स्वतःच्या घरी तरी दुसरे काय चालले होते?

येथे गैरसमज नको. आईचे ‘तं’ आणि ‘येनाऱ्याले’ हा रोग नव्हे. तो तर या मातीचा वाण आहे, आणि तो मला प्राणाहून प्रिय आहे. नवे बेणे आणणे म्हणजे वाण बदलणे नव्हे. बाबांनी प्रत्येक वेळी ‘लवकर’च आणला होता.

या गोष्टीचा विचार करताना माझ्या विद्यार्थ्याचे एक वाक्य मला पुन्हा आठवले: कंद म्हणजे अपत्य नव्हे, तेच शरीर. कुफरीस एका संकरातून एके दिवशी एक रोप उगवले असेल. जगातील प्रत्येक ‘कुफरी लवकर’ हा त्या एकाच रोपाचा तुकडा आहे. सिमल्याचा, पुण्याचा, आमच्या सौंसरचा, सारे एकच झाड. याला धोक्याची बाजूही आहे. ज्यावर एक दुबळा ठरतो त्यावर सारेच दुबळे ठरतात. आयर्लंडमधील गोरगरीब ‘लंपर’ या एकाच वाणावर जगत होते, आणि १८४५ पासून करपा आला तेव्हा काही वर्षांतच सुमारे १० लाख माणसे मेली. पण माझ्या दुःखाला या ज्ञानाने एक अनपेक्षित समाधान दिले. मी बाजारातून ‘लवकर’चे निरोगी बेणे आणले, तर ते परके नसणार. ज्या झाडाला बाबांनी भर दिली, तेच ते झाड असणार, फक्त दुखण्यातून उठलेले.

मात्र ते मिळणे सोपे गेले नाही. २०१४ साली दुकानांत ज्योती होता, पुखराज होता, ‘लवकर’ कोणाकडे नव्हता. वाणांचेही दिवस असतात. ‘लवकर’च्या वंशातून आलेला ‘कुफरी सूर्या’ २००६ साली प्रसारित झाला आणि उष्ण भागांत तोच आता त्याच्या घराण्याचे नाव पुढे चालवीत आहे. अखेर माझ्या विद्यार्थ्याने कोठून तरी दहा किलो ‘लवकर’ मिळवून दिला. वाफ्यांतील जुना सारा आलू मी खणून काढला. बोराएवढे कंदही वेचले, कारण जमिनीत चुकून राहिलेला एक कंद पुढच्या वर्षी उगवतो आणि रोग तसाच पुढे नेतो. ती जागा बदलून मी शेजारच्या तुकड्यात नव्या सऱ्या पाडल्या. जुने कंद आईने भाजीत घातले. विषाणू झाडाला बाधतो, माणसाला नाही. तरी पहिला घास घेताना माझा घसा दाटला, हे खरे. आई म्हणाली, “खा, त्यायनंही असंच खाल्लं.”

दहा किलोंपैकी सहा किलो मी शेजारच्या त्या वृद्ध शेतकऱ्यांकडे नेले आणि २०१२ साली काय झाले होते ते त्यांना नीट, काही न लपविता सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग एक कंद उचलून त्याचे डोळे मोजले आणि म्हणाले, “यावर्सी मावा दिसला का मले हाक मारजा, गुरुजी. दोघं मिळून पाहू.” त्यानंतर प्रत्येक जानेवारीत आम्ही दोघे सकाळी वाफ्यांतून फिरतो आणि पाने उलटून पाहतो. एखादे झाड गुंडाळू लागलेले दिसले की कंदासकट उपटून जाळतो. पूर्वी माझ्याने ते झाले नसते.

त्या वर्षी ७६ व्या दिवशी मी पहिले झाड उकरले. टिकास मुळीच वापरले नाही. बाबांसारखे हातांनीच माती सारली. एका बुडाशी सात आलू होते, गोल, पांढरट आणि थंड. आईने ते ओच्यात घेतले.

२०१७ साली नवे बेणे आणले. २०२० च्या ऑक्टोबरात महामारीमुळे जाणे झाले नाही आणि तो हिवाळा पाने पुन्हा थोडी गुंडाळलीच. २०२१ साली चूक सुधारली. मधल्या काळात आई गेली. २०२३ साली सौंसर आणि पांढुर्णा या दोन तहसिली मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. बाबांची पुढची वही संपली तेव्हा मी एक नवी आणली आणि तिच्यात त्यांच्याच पद्धतीने नोंदी ठेवतो. २०२४ सालची नोंद अशी आहे:

‘आलू बेणे, कुफरी लवकर, नवे, १० किलो. पैकी शेजारी, ६. दिवाळी अंक, ३. शाळेतील मुलांसाठी मराठी गोष्टींची पुस्तके, ५.’